किती आणे दुखतंय?

(होळी, वसई येथील महिला मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. प्रसूती विभागात २६ वर्षं नर्स होते, एवढाच माझा अधिकार. त्या काळात एक वाक्य मी किती वेळा बोलले असेन, हिशेब नाही. "एवढं काय ओरडतेस? शेजारची बघ, कशी गप्प आहे!" आपण सगळ्यांनीच ते ऐकलंय. इथल्या काहीजणींनी ते सुनेला ऐकवलंही असेल.

एकदा ती शेजारची गप्प बाईच आमच्या हातून जायची वेळ आली. बाळंत होऊन काही तास झाले होते. टाक्यांच्या आत रक्त साकळत होतं. अशा वेळी बाहेर रक्त फारसं दिसत नाही. खाली वाढत जाणारं दुखणं हीच पहिली खूण. ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी नाडी जलद लागली तेव्हा धावपळ झाली. वाचली. नंतर म्हणाली, "सिस्टर, तुम्ही त्या बाईला रागावत होतात, म्हणून मी गप्प बसले."

मागच्या बैठकीत होळीच्या बाजारात भाजी विकणारी एक ताई मला म्हणाली, "सिस्टर, आता मेंदूचा फोटो काढतात ना? त्यात माझी कंबर किती दुखते ते दिसलं, तर सासूच्या हातात देईन." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तोच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे.

अमेरिकेत रॉबर्ट कॉगहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ धडधाकट माणसांच्या पायाला ४९ अंश सेल्सिअसचा चटका दिला. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. चटका सगळ्यांना सारखाच. दहापैकी गुण द्या म्हटल्यावर कोणी जेमतेम एक दिला, कोणी जवळजवळ नऊ. त्याच वेळी मेंदूची चित्रं घेतली. ज्यांना जास्त दुखलं, त्यांच्या मेंदूच्या वरच्या थरातले काही भाग अधिक जोराने कामाला लागलेले दिसले. म्हणजे ती माणसं ढोंग करत नव्हती! वाचून मला वाटलं, झालं, आता यंत्रच आपल्या बाजूने साक्ष देणार.

पण २०२२ मध्ये कॉगहिल यांच्याच गटाने १०१ जणांना तपासलं, तेव्हा माणसामाणसांतला हा फरक मेंदूच्या चित्रांत सापडला नाही. एकाच व्यक्तीला चटका किंचित कमी-जास्त दिला तर चित्रात ते उमटे, आणि ती व्यक्तीही तो फरक आपल्या शब्दांत नीट सांगे. मात्र हिला तिच्यापेक्षा जास्त दुखतंय का, हे चित्र बघून सांगता येईना. कोणी किती दुखणं सांगेल, ते यंत्रावरून ताडण्यात फारसा अर्थ नसावा, असं संशोधकांनीच लिहिलं. आपलंच आधीचं पुन्हा तपासून असं लिहायला धाडस लागतं.

खरं सांगू? मला बरंच वाटलं. असं यंत्र आपल्या वाट्याला कधी येणार होतं? आणि आलं असतं, त्यात काही दिसलं नसतं, तर घरचे म्हणाले असते, "बघ, मशीनसुद्धा सांगतंय, नाटकं करतेस!"

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. दुखतंय असं माणूस म्हणालं तर त्याचं म्हणणं मानावं, असं तिच्या टिपांत आहे. बोलता आलं नाही म्हणून वेदना नाही असं समजू नये, हेही आहे.

सांगणारीचं मानू. पण जी सांगतच नाही तिचं काय? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

विचारायला यंत्र लागत नाही. दवाखान्यात आपण म्हणतोच की, "आठ आणे फरक पडला." तेच माप धरा. रुपयातले किती आणे दुखतंय, असं विचारा, घरचे समोर नसताना विचारा. फक्त तिचे आणे शेजारणीच्या आण्यांशी लावू नका. तिच्याच कालच्या आण्यांशी लावा. वाढत असतील तर दवाखाना गाठा.

आत्ता सभेआधी त्या भाजीवाल्या ताईला मी विचारलं. तिच्या परवानगीने सांगते, सासूबाईही इथेच बसल्या आहेत. गेल्या आठवड्यात आठ आणे होतं, आज बारा. डाव्या पायाला मुंग्या येतात, ते मात्र तिने घरी सांगितलं नव्हतं. उद्या बाजारात तिच्या जागेवर जाऊ बसेल आणि मी तिला घेऊन दवाखान्यात जाणार आहे.