उद्याचा बेत



शनिवारी पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकापाशी मित्र एकमेकांना विचारतात, "काय रे, उद्याचा बेत काय?" कोणी मटण आणणार असतो, कोणी सासुरवाडीला जाणार, तर कोणी नुसता झोपणार. गोष्ट क्षुल्लक वाटते. पण ती झगडून मिळवावी लागली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारची सुटी मागितली. मालकांनी ती मान्य केली १८९० साली. तोवर कामगाराच्या उद्यात बेत नव्हता, भोंगा होता.

परवा आमच्या कट्ट्यावर मी हाच प्रश्न एका तरुणाला विचारला. तो मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवतो. म्हणाला, "काका, रविवारीच तर काम जास्त. घरी बसलो तर पैसे कोण देणार?" सगळे गप्प झाले. तीस वर्षे संघटनेत घालवलेल्या माझ्यापाशीही उत्तर नव्हते.

उद्या रविवार आहे. दारात जेवण घेऊन येणाऱ्याला एवढे विचारा, "बाबा, तुझी सुटी कोणत्या वारी?" त्याला वार सांगता येईपर्यंत लोखंड्यांचे काम पुरे झालेले नाही.