शंभर रुपयांचं लेकरू
(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



आज मी घोषणा द्यायला उभा नाही. हिशेब मांडायला उभा आहे. चौथीच्या पोराला जमेल असा.

संजय गांधी निराधार योजना 1980 पासूनची. 2023 च्या वाढीआधी विधवेला महिन्याला 1000 रुपये मिळत. एक लेकरू असेल तर 1100, दोन असतील तर 1200. म्हणजे सरकारच्या वहीत लेकराची किंमत महिन्याला 100 रुपये. दिवसाला सव्वातीन. त्यात दूध सांगा, वही सांगा, तापाची गोळी सांगा!

2023 साली सगळ्यांना सरसकट 1500 केले. टाळ्या पडल्या. पण बघा, एकटीला 500 वाढले, एका लेकराच्या आईला 400, दोन लेकरांच्या आईला 300. जिच्या घरी खाणारी तोंडं जास्त, तिची वाढ कमी. शंभराचं लेकरू वहीतून पार पुसलं गेलं.

आणि हे 1500 तरी कुणाला? रक्कम वाढली, पण अट तीच राहिली : कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत. म्हणजे दिवसाला 58 रुपयेसुद्धा नाहीत. दोन घरची धुणीभांडी केली तरी बाई अटीबाहेर. मी आमच्या गल्लीतल्या बायांचे अर्ज भरतो. त्या हळूच विचारतात, ‘भाऊ, किती लिहू?’ खरं लिहिलं तर पोरं उपाशी. खोटं लिहिलं तर आपण लबाड. गरिबाला आधी लबाड करायचं आणि मग लबाड म्हणून हिणवायचं, ही कुठली रीत?

2024 साली लाडकी बहीण आणली, तिथं मर्यादा अडीच लाख. मग निराधारालाच 21,000 चा फास का?

बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाचं कलम 41 काढून वाचा. बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व, ओढवलेली गरज, यांत सरकारी मदत मिळण्याचा हक्क राज्यानं मिळवून द्यावा, असं तिथं लिहिलंय. शब्द हक्क आहे, भीक नाही. पण ऐपतीपुरता, असंही लिहिलंय. आणि कलम 37 सांगतं, यासाठी कोर्टात जाता येत नाही. मग जायचं कुठं? रस्त्यावर!

मागण्या दोनच. 21,000 ची अट मोडा. आणि प्रत्येक लेकरामागे वेगळी रक्कम द्या, पोट भरेल एवढी.

तोवर शिकलेल्या पोरांनो, रविवारी कट्ट्यावर बसू नका. पेन घेऊन गल्लीत बसा. आयाबायांचे अर्ज भरा, नाकारलेले अर्ज गोळा करा. तो गठ्ठा घेऊनच आपण तहसीलवर जाऊ.

जय भीम!