दारू सुटल्यावरचा थकवा



दारूवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हाही बोलले गेले. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, तेव्हाही. परंतु दारू सोडल्यानंतर माणसाचे काय होते? आज आम्ही तेवढ्यापुरतेच बोलणार आहोत.

घाटकोपर-मुलुंडकडच्या एखाद्या चाळीतला गृहस्थ दारू सोडतो. घरात आनंदीआनंद! महिना लोटतो. गृहस्थ कामावरून येतो तो आडवाच होतो. लोकलमध्ये डुलक्या घेतो, रात्री मात्र टक्क जागा. बाजारातून चार जिनसा सांगाव्या, तर दोन विसरतो. मग घरातून शब्द येतो, "पीत होतास तेव्हा बरा होतास!" ह्या एका वाक्याने कित्येकांची पावले पुन्हा गुत्त्याकडे वळत असतील.

हा आळस नव्हे. मद्य मेंदूला मंद करते. म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी स्वतःला ताणून धरतो. मद्य थांबले तरी तो ताण लगेच उतरत नाही, म्हणून झोप मोडते. अन्नाची आबाळ झालेली असते; ब-१ जीवनसत्त्वही कमी पडते. तथापि मेंदूच्या चित्रणांतून असे दिसले आहे की, आकसलेला मेंदू काही आठवड्यांतच भरू लागतो आणि पुढे महिनोन्‌महिने सुधारत राहतो. सर्वच हानी भरून येते असे नाही; पुष्कळशी येते.

दोन सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांवाचून एकाएकी दारू तोडू नये. पहिल्या दिवसांतली आकडी आणि भ्रम प्राणावर बेततात. आणि थकवा वाढतच गेला, मन खचत चालले, तर तपासणी करून घ्यावी.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांतून भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ह्या चौघांपासून जपा, असे सांगतात. थकव्याचे नाव त्यांत उगाच आलेले नाही.

पाय मोडलेल्याला आपण "धाव" म्हणत नाही, कारण प्लास्टर दिसते. मेंदूचे प्लास्टर दिसत नाही, एवढाच फरक. घरच्यांनी वेळेवर दोन घास द्यावेत, निजू द्यावे आणि टोमणा तेवढा गिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.