मुंबई की कलकत्ता?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाची सहल कोठे न्यावी हा प्रश्न गेले चार महिने दर बैठकीत निघतो आणि चहा आला की बुडतो. शेगाव झाले, पंढरपूर झाले, माहूर झाले. वारीच्या हनुमानाला तर आपण दरवर्षी जातोच, आणि वान धरणाचे पाणी पाहून परत येतो. यंदा पापड-कुरड्यांच्या विक्रीतून व दिवाळीच्या फराळातून चार पैसे गाठीला पडले, तेव्हा "यंदा एक खरोखरीचे मोठे शहर पाहू" असा ठराव झाला. ठराव एकमताने झाला, पण शहर कोणते म्हणताच सभेचे दोन तट पडले. अर्ध्या जणी मुंबई म्हणतात, अर्ध्या कलकत्ता. दोन्ही बाजू कोणीतरी मांडाव्या म्हणून सचिवताईंनी मला न विचारता माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु रेल्वेचे वेळापत्रक मला वाचता येते, आणि वाचनालयातून आणलेली पुस्तके मी महिनाभर दुपारी वाचली. त्यातले, आणि थोडे माझे, असे आज सांगते.

प्रथम रस्त्याचे. आपल्या तेल्हाऱ्याला आगगाडी नाही. शेगाव किंवा अकोला गाठावे लागते. अकोल्याच्या फलाटावर उभे राहिले की एका अंगाला मुंबई आणि दुसऱ्या अंगाला हावडा. रूळ तेच. मुंबईकडून आलेली ही लाईन १८६७ साली नागपुरास पोचली, आणि पुढे नागपूरमार्गे थेट हावड्यापर्यंत गाडी जाऊ लागली ती १९०० च्या सुमारास. मुंबई अकोल्याहून साधारण पावणेसहाशे किलोमीटर. रात्री बसावे, सकाळी उतरावे. कलकत्ता चौदाशेला थोडे कमी; दुपारी गीतांजलीत बसले तर दुसऱ्या दिवशी दुपार होते. म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. माझेही दुखतात.

आता मुंबई. मुंबईशी आपले नाते कापसाचे. रूळ पडले ते काही तुम्हा-आम्हाला समुद्र दाखवण्यासाठी नव्हे, वऱ्हाडचा कापूस बंदराला नेण्यासाठी. आपल्या पणज्यांनी वेचलेला कापूस मुंबई पाहून पुढे विलायतेलाही गेला, पणजी मात्र तेल्हाऱ्याच्या शिवाराबाहेर गेली नाही. पुढे मुंबईत गिरण्या झाल्या. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत आणि आता त्या जागी उंच इमारती आहेत. कापसाच्या नावाचे एक स्टेशन तेवढे राहिले आहे, कॉटन ग्रीन.

पाहायला काय काय आहे? ज्या स्टेशनावर आपण उतरू तेच पाहण्यासारखे आहे. ती इमारत १८८८ साली पुरी झाली आणि २००४ साली जागतिक वारशात गेली. पण आपण सामान मोजण्याच्या नादात वर पाहणार नाही हे मी आताच सांगून ठेवते. गेटवे ऑफ इंडिया १९२४ चा. तेथून लाँचने तासाभरात घारापुरीची लेणी. राणीचा बाग १८६२ पासून आहे, आणि २०१७ पासून तेथे पेंग्विन नावाचे पक्षी लोकांना पाहायला मिळतात. ते थंड खोलीत राहतात. आमच्या धाकट्याने हे ऐकून विचारले, "आई, आपल्याकडे मे महिन्यात माणसाइले काऊन नाही ठेवत तशा खोलीत?" असो.

मला स्वतःला दोन गोष्टी फार आवडल्या. एक म्हणजे, ५ मे १९९२ पासून चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ बायकांची लोकलगाडी सुरू झाली. एक डबा नव्हे, सबंध गाडी. दुसरी, १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन घराच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. तेच पुढे लिज्जत पापड. आपण मागल्या उन्हाळ्यात पापडाचे पीठ सैल झाले म्हणून एकमेकींशी आठवडाभर बोललो नाही, त्या आपण सगळ्यांनी गिरगावात जाऊन ती गच्ची लांबून तरी पाहावी असे मला वाटते.

मग कलकत्ता कशाला, असे तुम्ही म्हणाल. २००१ पासून त्याचे नाव कोलकाता झाले, पण आपल्या तोंडी कलकत्ताच बसले आहे.

भगिनींनो, मी पुस्तके उघडली ती कलकत्त्याच्या बाजूने बोलण्यासाठीच. कारण साधे आहे. मुंबईत प्रत्येकीचे कोणी ना कोणी आहे. दीर आहे, नणंद आहे, चुलतमामा आहे. आपण सहलीला जातो हे कळले की निरोप येतो, "आमच्याकडेच उतरा." उतरले नाही तर वर्षभराचा रुसवा. उतरले की सकाळी आपणच पदर खोचून, "वहिनी, तुम्ही बसा, मी करते भाकरी." त्यांचे घर दोन खोल्यांचे, नळाला पाणी ठरल्या वेळी. त्या बिचाऱ्यांना आपला त्रास, आपल्याला त्यांचा संकोच. चार दिवसांत स्वयंपाक तोच, भांडी तीच, फक्त गॅस दुसऱ्याचा. कलकत्त्यात मात्र मंडळातल्या एकाही बाईचे कोणी नाही. मी यादी घेऊन एकेकीला विचारले आहे. तेथे आपण कुणाची सून नाही, कुणाची भावजय नाही. कोणी ताट मांडील, आपण जेवू. एवढ्यासाठी चोवीस तास गाडीत बसायला माझी तयारी होती.

वाचू लागले तसे ते शहर मला आणखी आवडू लागले. १९११ पर्यंत तीच हिंदुस्थानची राजधानी होती. हावड्याचा पूल १९४३ साली खुला झाला. एवढा प्रचंड पूल, पण त्यात नट-बोल्ट नाहीत, सारे काम रिव्हेटांचे. घोड्याची ट्राम १८७३ साली तेथे प्रथम धावली, विजेची १९०२ साली. आता ट्राम फार थोडी उरली आहे, तेव्हा पाहायची असेल तर लवकर गेले पाहिजे. देशातली पहिली भुयारी रेल्वे तिथलीच, १९८४ ची. २०२४ च्या मार्चपासून ती हुगळी नदीच्या तळाखालून हावड्याला जाते. वर नदी आणि खाली आपण, हे मी सासऱ्यांना सांगितले तर त्यांनी जपमाळ थांबवून माझ्याकडे पाहिले.

दक्षिणेश्वरचे कालीमंदिर १८५५ साली राणी रासमणीने बांधले. ही बाई विधवा, आणि जातीने उच्चवर्णीयांत न गणलेली. त्यामुळे तिच्या मंदिरात पूजा करायला ब्राह्मण तयार होईनात. शेवटी रामकुमार चट्टोपाध्याय आले, आणि त्यांच्यामागून त्यांचे धाकटे बंधू, म्हणजे रामकृष्ण परमहंस. कंपनी सरकारने गंगेत मासे धरणाऱ्या कोळ्यांवर कर बसवला, तेव्हा याच बाईने नदीचा एक भाग पैसे देऊन घेतला आणि साखळदंड टाकून जहाजांची वाट अडवली, असे सांगतात. कर उठला. मंडळाच्या कार्यालयात आपण इतकी चित्रे लावली आहेत, हिचे एक असायला हरकत नव्हती.

आणि आपली आनंदीबाई जोशी. मूळ घर कल्याणचे, मुंबईच्या दाराशी. पण अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाली ती कलकत्त्याहून, ७ एप्रिल १८८३ ला. गोपाळरावांची पोस्टातली नोकरी तेव्हा बंगालात होती. वय अठरा. सोबत घरचे कोणी नाही. जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने भरसभेत आपण का जातो ते सांगितले. हे वाचून मी माझ्या या भाषणाची भीती थोडी कमी करून घेतली.

एक गंमतही सांगते. बंगालात लेकरे झोपेनात तर आया अजून बर्गी आला म्हणून भीती घालतात. हे बर्गी म्हणजे १७४० नंतरच्या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांनी तिकडे पाठवलेले मराठे स्वार. त्यांच्या धाकाने १७४२ साली कलकत्त्याच्या लोकांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला होता. लूट झाली, गरिबांचे हाल झाले, ते काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. पण आपण बावीस जणी नऊवारी-सहावारीत, हातात पिशव्या घेऊन हावड्याला उतरलो, तर तिथल्या आजीबाईंना काय वाटेल, याचे मला राहून राहून हसू येते.

असे सगळे लिहून झाले होते. पण मला आपल्यापुढे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी कलकत्ता म्हणत होते त्यात नातेवाइकांचे कारण अर्धेच होते.

आपल्या वऱ्हाडात एखाद्याला "मुंबईला नेले" असे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांना मुंबई म्हणजे तेवढीच ठाऊक. मीही सासूबाईंना घेऊन सत्तेचाळीस दिवस मुंबईत होते. दादरला गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तेथे आम्हाला जागा मिळाली. गाडगेबाबा आपल्या अंजनगावाकडचे, शेंडगावचे. त्यांच्या नावाच्या छपराखाली परमुलखात वऱ्हाडी बोली ऐकू आली तेव्हा मला रडू आले होते. सकाळी फाईल घ्यायची, रांग धरायची, संध्याकाळी परत यायचे. दादरचा समुद्र तेथून चालत पाऊण तासावर. सासूबाई म्हणायच्या, "सुनबाई, एक डाव समुद्र पाहू व." मी म्हणायची, तुम्हाला बरे वाटले की जाऊ. सत्तेचाळीस दिवसांत तो दिवस निघाला नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर मुंबईचे नाव निघाले की मला त्या फाईलच्या प्लास्टिकचा वास येतो, म्हणून मी कलकत्ता धरून बसले होते.

गेल्या मंगळवारी मी हे भाषण आपल्यातल्या एका मावशींना वाचून दाखवायला गेले. त्यांचे नाव मी घेत नाही, त्या येथेच बसल्या आहेत. त्यांच्या मालकांनाही तेथेच नेले होते, आणि त्या एकट्या परत आल्या. मला वाटले होते, त्या तरी माझ्या बाजूच्या असतील. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "तुहं समदं बराबर हाय. पन मले मुंबईलेच जाचं हाय. मी तीन महिने राह्यली तिथी, अन् मुंबई पाह्यलीच नाही. हातात फाईल नसताना एक डाव त्या गावात चालून पाहाचं हाय मले."

मी म्हटले, मावशी, कलकत्त्यालाही मोठी नदी आहे. त्या म्हणाल्या, "नदी आपल्याकडे बी हाय. समुद्र हाय का तिथी?"

भगिनींनो, नाही. मी नकाशा पाहिला. कलकत्ता नदीवर आहे. समुद्र तेथून शंभरएक किलोमीटर खाली, गंगासागराकडे. एका बैठकीत आमच्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "खारं पानी पाहाले मुंबई काऊन लागते, आपल्या विहिरी काय कमी खाऱ्या हायेत?" खारपाणपट्ट्यात जन्म गेलेल्या सगळ्या जणी तेव्हा हसल्या होत्या, मीही हसले होते. मावशींच्या ओसरीवर मात्र मला ते बोलता आले नाही.

घरी येऊन मी दोन्ही कारणे शेजारी ठेवून पाहिली. आपल्याला कोणी ओळखू नये, हे कारण मुंबईतही सांभाळता येईल; आपण तोंड मिटून ठेवले की झाले. मावशींचे कारण कलकत्त्याला कसे न्यावे ते मला सुचले नाही. म्हणून मी माझी चिठ्ठी मुंबईच्या नावाने लिहिणार आहे. ज्यांना मी गेले दोन महिने कलकत्त्याकडे ओढले त्यांची क्षमा मागते. त्यांनी माझ्यामागे यावे असे नाही. ट्राम खरोखरच फार दिवस थांबणार नाही.

मुंबई ठरली तर माझी एक मागणी आहे, ती ठरावात लिहून घ्यावी. कोणत्याही बाईने आपल्या दिराला, नणंदेला, भावाला आपण येतो असे कळवू नये. फोटो परत आल्यावर पाठवावे. सगळ्या जणी एकाच ठिकाणी भाड्याच्या खोल्या घेऊन उतरतील, आणि चार दिवस कोणी कुणासाठी चहासुद्धा करणार नाही. घरून दशम्या व तिळाची चटणी गाडीपुरतीच घ्यावी. घारापुरी सोमवारी बंद असते आणि राणीचा बाग बुधवारी, तेव्हा निघण्याचा वार त्याप्रमाणे ठरवावा. समुद्राला पहिल्याच संध्याकाळी जायचे, शेवटच्या दिवसावर ठेवायचे नाही.

चिठ्ठ्या चहाच्या टेबलावरच्या डब्यात टाकाव्या. पेने दोनच आहेत, लिहून झाले की पुढच्या बाईकडे द्यावे.