क्रेडिट कार्ड आणि गृहस्थाचे व्याज

कोल्हापुरातील पेठांतून वाण्याच्या दुकानी पूर्वी घराघराच्या नावाची उधारीची वही असे. महिनाभर जिन्नस न्यावा आणि पगार होताच हिशेब चुकता करावा, अशी रीत होती. चार रुपये मागे राहिलेच, तर ते पुढील महिन्याच्या पानावर निमूटपणे जात. हल्ली सुशिक्षित घरांतून त्या वहीची जागा क्रेडिट कार्डाने घेतली आहे. गृहस्थ मात्र मनात जुन्या वहीचाच हिशेब धरून चालतो. नुकसानीचे मूळ येथेच आहे.

कार्डावरील बिनव्याजी मुदत ही बँकेची देणगी नव्हे, तो करार होय. आणि त्याची अट अशी की, बिलातील संपूर्ण रक्कम मुदतीच्या आत भरली गेली पाहिजे. समजा, एखाद्याचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेस निघते व भरण्याची अखेरची तारीख २५ आहे. त्याने ६ जूनला गुजरीत ४०,००० रुपयांचा दागिना घेतला, तर २५ जुलैपर्यंत, म्हणजे ४९ दिवस, त्याला व्याज नाही. तोच दागिना दोन दिवस आधी घेतला असता, तर अवघे २१ दिवस मिळाले असते. मोठी खरेदी बिलाच्या दुसऱ्या दिवशी करावी, हे शहाणपण एवढ्यावरूनच कळते.

आता हा गृहस्थ २५ जुलैला ३९,००० भरतो आणि हजार रुपये मागे ठेवतो. दरमहा साडेतीन टक्के दर धरला, तर हजारावर पस्तीस रुपये पडतील, असा त्याचा अंदाज. परंतु बहुतेक बँका व्याज मोजतात ते खरेदीच्या दिवसापासून आणि पूर्ण ४०,००० वर! पुढील बिलात सुमारे २,२६८ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, असे २,६७६ रुपये उभे राहतात. शिवाय बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. सबब बाकी आहे तोवर ते कार्ड कपाटात ठेवावे, हे उत्तम.

बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक लहानसा आकडा असतो. तो भरल्याने विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. तेवढेच भरत गेल्यास फेड कित्येक महिने, वर्षेही लांबते, ही सूचना बिलावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घातले आहे; पण ती वाचतो कोण? खात्यातून रक्कम आपोआप वळती करण्याची सोय घेतानाही पर्याय ‘किमान’ की ‘संपूर्ण’, हे एकवार तपासून पाहावे.

रोख रकमेची गोष्ट याहून कठीण. तिला बिनव्याजी मुदत मुळीच नाही. १०,००० रुपये काढले आणि शुल्क ५०० असले, तर करासह ५९० रुपये त्याच क्षणी गेले. वीस दिवसांचे व्याज व त्यावरील कर मिळून आणखी २७०. अगदीच निरुपाय झाला, तर बिलाची वाट न पाहता हाती पैसा येताच भरणा करावा. कारण व्याज दिवसावर चालते. घरी सोने असेल, तर बँकेचे सोनेतारण कर्ज पुष्कळच स्वस्त पडते.

सावकारी व्याजाचा जाच महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. व्याज मुद्दलाहून अधिक चढू नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत. कार्डाच्या व्याजासही राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. दरमहा साडेतीन म्हणजे सालीना बेचाळीस टक्के होतात.

ज्यांची बाकी आधीच साचली आहे, त्यांनी ती हप्त्यांत फिरवून घेण्याचा दर बँकेकडे विचारावा. त्यात प्रक्रियाशुल्क व कर मिळवून, मग पगारावरील साध्या कर्जाच्या दराशी ताडून पाहावे. आणि जे स्वस्त निघेल त्याने कार्डाची बाकी एकदम फेडावी.