उतारवयांत हाडांची निगा



माणसाच्या शरीरांत सर्वांत कमी बोलणारें असें कांहीं असेल, तर तें त्याचें हाड होय. पोट दुखतें, दांत ठणकतो, डोळा लाल होतो. परंतु हाड वीस-पंचवीस वर्षें झिजत राहिलें तरी तक्रार म्हणून करीत नाहीं. मग एके दिवशीं न्हाणीघरांत पाय घसरतो आणि खुब्याशीं मांडीचें हाड मोडतें. या झिजेला अस्थिसुषिरता म्हणतात. बाहेरून हाड तेंच, आंतून मात्र वाळवी लागलेल्या वाशासारखें. आपल्याकडे 'पडल्यामुळें मोडलें' असें म्हणून सगळे मोकळे होतात. हाड आधींच मोडावयास टेकलें होतें, पडणें हें केवळ निमित्त, हें कोणी म्हणत नाहीं. खुबा मोडलेलें वृद्ध माणूस अंथरुणास खिळतें, छातींत कफ सांठतो, पाठीला जखमा होतात, आणि वर्षाच्या आंत दगावणारांची संख्या थोडी नाहीं. तेव्हां विषय किरकोळ नव्हे.

हाड म्हणजे दगड नव्हे. तें जिवंत आहे. त्यांत जुनें काढून टाकण्याचें व नवें भरण्याचें काम रात्रंदिवस चालू असतें. साधारण तिशीपर्यंत भर अधिक पडते, नंतर कांहीं काळ तराजू समतोल राहतो, आणि पुढें खर्च जमेहून वाढतो. स्त्रियांची पाळी गेली कीं पुढचीं कांहीं वर्षें हा खर्च फार वेगानें होतो. म्हणून आजोबांच्या आधीं आजीची पाठ वांकते.

आमच्या जिल्ह्याला २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. जुन्या पिढीच्या तोंडीं अजून 'नगर'च आहे. या जिल्ह्याइतकें दूध काढणारे जिल्हे महाराष्ट्रांत थोडेच सांपडतील. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगांव, कोणत्याही रस्त्यानें पहांटे निघा, दुचाकीला किटल्या अडकवून माणसें दूध केंद्राकडे चाललेलीं दिसतील. ऊन तर आमच्याकडे मागावें लागतच नाहीं. दूध आणि ऊन या हाडांच्या दोन मोठ्या गरजा. त्या हिशेबानें नगरी माणसाचें हाड पोलादी असावयास हवें होतें. तसें तें नाहीं. सकाळचें दूध केंद्रावर जातें, संध्याकाळचेंही जातें, घरांत उरतें तें चहापुरतें. त्यांतलेंही आधीं नातवंडांना, मग कर्त्या पुरुषांना. आणि जिनें अंधारांत उठून धार काढली तिच्या कपांत चहाचा रंग पालटण्यापुरतें. दर दहा दिवसांनीं दुधाचा पगार येतो, त्यांत फॅट आणि डिग्रीचा हिशेब चोख असतो. तिच्या हाडांतून काय वजा झालें याचा रकाना त्या पावतींत नसतो.

दूध विकूं नका असें मी म्हणत नाहीं. त्याच पैशावर मुलें शिकलीं, हें मीं शाळेच्या वर्गांत बसून पाहिलें आहे. परंतु पन्नाशीवरील प्रत्येक माणसामागें अर्धा लिटर दूध घरांत ठेवावें आणि मग किटली भरावी, एवढेंच माझें मागणें आहे. ज्यांना दूध सोसत नाहीं त्यांनीं दही खावें. ताकही चालेल, पण पाहुणे वाढले म्हणून पाणी वाढविलेलें नव्हे.

आतां शाळामास्तराची जुनी खोड. थोडें अंकगणित मांडतों. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें प्रौढ माणसास दिवसाकांठीं १००० मिलिग्रॅम, व पाळी गेलेल्या स्त्रीस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवें. शंभर ग्रॅम गाईच्या दुधांत तें सुमारें १२० असतें; म्हणजे अर्ध्या लिटरांत ६०० आलें. उरलेलें धान्यांतून काढावयाचें. आम्ही पडलों बाजरी-ज्वारीचीं माणसें, म्हणून सांगतांना जड जातें. पण या दोन्ही धान्यांत शंभर ग्रॅमला तीस-चाळीस मिलिग्रॅमच्या पुढें मजल जात नाहीं. बाजरीचें मोल लोहासाठीं आहे, तिला टाकूं नये. कॅल्शियमचें धान्य तें नाचणी: शंभर ग्रॅमला ३५० च्या आसपास.

ही नाचणी आपल्याला परदेशांतून आणावयाची नाहीं. अकोले तालुक्याच्या डोंगरांत, भंडारदरा आणि हरिश्चंद्रगडाच्या अंगाला, महादेव कोळी व ठाकर मंडळी ती पिढ्यान्‌पिढ्या पिकवीत आलीं. तेथें तिला नागली म्हणतात. त्याच तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणें जतन केल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री मिळाली. त्यांच्या सत्काराच्या बातम्या आपण सर्वांनीं वाचल्या. डोंगरावरची नागली मात्र पारनेर-पाथर्डीच्या ताटांत अद्याप उतरली नाहीं. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरींत पावणेदोनशें मिलिग्रॅम येतें. भाकरी तुटते अशी सुनांची तक्रार असते. तीत थोडें ज्वारीचें पीठ मिसळावें, पीठ उकडून घ्यावें, तुटत नाहीं.

शिवाय हुलगा आहे. आमच्या कोरडवाहू रानांत उगवणारें हें गरिबाचें कडधान्य शंभर ग्रॅमला अडीचशेंहून अधिक कॅल्शियम देतें. मोड आणून उसळ केली तर तें अंगीं अधिक लागतें. शेंगोळीं कोणास नको असतील तर तो नगरचा नव्हे. आणि तीळ. तिळांत शंभर ग्रॅमला हजाराच्या वर कॅल्शियम आहे, मात्र तें सगळें रक्तांत उतरत नाहीं. भोगीच्या भाकरीवर लावलेले अख्खे तीळ कवळीच्या दातांखालीं पुरते चावले जात नाहींत, म्हणून भाजून कुटून चटणी करावी. रोज दोन चमचे पुरे. पूर्वजांना कॅल्शियम ठाऊक होतें असें सांगणाऱ्यांपैकीं मी नव्हे. त्यांना थंडींत तीळ बरे वाटत, इतकेंच. पालकाच्या भाजीवर विसंबूं नये. तिच्यांतलें कॅल्शियम आम्लानें बांधलेलें असतें. त्यापेक्षां शेवग्याचा पाला बरा. डाळ किंवा अंडेंही हवें, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो.

परंतु खाल्लेलें कॅल्शियम आंतड्यांतून रक्तांत शिरावयास ड जीवनसत्त्व लागतें, आणि तें मुख्यतः उन्हानें त्वचेंत तयार होतें. या बाबतींत आपल्या शेजारच्या नाशिकची एक जुनी गोष्ट आहे. १९२२ सालीं हचिसन आणि शहा यांनीं तेथील मुडदुसावरचें आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें. खाणेंपिणें उत्तम, पण मुलेंबाळें पडद्याआड, अशा सधन घरांत हा हाडांचा रोग आढळला. ज्यांचें अन्न निकृष्ट, पण दिवस उघड्यावर जाई, त्या गरिबांच्या घरीं तो दिसला नाहीं. आज पडदा राहिला नाहीं, तरी त्याचें काम दूरदर्शन संच करतो. शेतांत खुरपणाऱ्या बायासुद्धां लुगड्यावर पुरुषी सदरा चढवितात, तोंडाला फडकें बांधतात. उन्हाचा ताप वांचतो, पण ऊन कातडीला शिवतही नाहीं. दहाच्या पुढचें ऊन उघड्या हातापायांवर वीस-तीस मिनिटें, आठवड्यांतून तीन-चार वेळां तरी पडावें. कोवळें ऊन सुखाचें खरें, पण या कामीं दुबळें. खिडकीच्या कांचेंतून येणारें तर निरुपयोगी. वैशाखांत मात्र अर्थातच जपावें.

तिसरी गोष्ट भार. युलिउस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते. आपल्या आज्यांना जातें, मुसळ आणि आडाचें पाणी यांनीं हा भार मिळे. तें कष्टांचें जिणें परत यावें असें मला मुळींच वाटत नाहीं. पण त्या जागीं कांहीं तरी हवें. रोज अर्धा तास झपाझप चालावें. खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां दहा वेळां उठावें. भिंतीजवळ उभें राहून एका पायावर तोल सांभाळावा. ज्याचा तोल शाबूत तो पडत नाहीं. ज्यांची पाठ आधींच वांकली आहे त्यांनीं पुढें वांकण्याचीं आसनें आणि ओणवें होऊन हंडा उचलणें टाळावें.

गोळ्यांविषयीं थोडक्यांत. आहारांतून जें कमी पडेल तेवढेंच गोळींतून घ्यावें, एका वेळीं पांचशें मिलिग्रॅमहून अधिक नको. साधी कॅल्शियमची गोळी जेवणासोबत, लोहाच्या वा थायरॉईडच्या गोळीपासून दूर. मुतखडा झालेल्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. ड जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी आठवड्यास एक अशी ठराविक आठवडेच घ्यावयाची असते; ती वर्षभर आपल्या मनानें चालू ठेवणारे मीं पाहिले आहेत, आणि त्यानें मूत्रपिंडें बिघडूं शकतात. सांधेदुखीवर बाजारांत मिळणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांचें तर मला भय वाटतें. दोन दिवसांत आराम देणाऱ्या अशा पुडींत पुष्कळदां स्टेरॉईड असतें, आणि महिनोन्‌महिने घेतलेलें स्टेरॉईड हाड पोखरतें. विडीही तेंच करते.

घरांतही पाहावें. न्हाणीघरांतील शेवाळ घांसून काढावें, तेथें भिंतीला एक दांडी ठोकावी, रात्रीं उठण्याच्या वाटेवर दिवा ठेवावा. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसूं नये.

इतकें करूनही कोणी पडलें, आणि पाय आंखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर त्यास उभें करूं नये, चोळूं नये, हाड बसविणाऱ्याकडे नेऊं नये. फळीवर निजवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झाली तर माणूस लवकर उठून बसतें. वय झालें, आतां कशाला चिरफाड, असें म्हणून घरीं ठेवणें म्हणजे त्यास अंथरुणावर मरूं देणें होय. आणि हाड जुळलें म्हणून प्रकरण मिटत नाहीं. एकदां मोडलेल्याचें दुसरें हाड मोडण्याचा संभव वाढलेला असतो. तेव्हां घरीं परत आणण्यापूर्वींच, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि झीज थांबविणारें औषध यांविषयीं डॉक्टरांस विचारून घ्यावें. यांतील कांहीं गोळ्या सकाळीं उपाशीं पोटीं, पेलाभर पाण्यासोबत घ्यावयाच्या असतात, आणि पुढें अर्धा तास आडवें व्हावयाचें नसतें.