युद्धाची उधारी

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

परकी कर्ज, चलन आणि युद्ध हा विषय ऐकायला जड वाटतो. पण कर्ज म्हणजे काय हे इथं कुणाला शिकवायला नको. देणेकरी उंबऱ्यावर आला की घरातल्या आवाजाची पट्टी कशी खाली येते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून बैठकांमध्ये बाया मला विचारतात, “अमेरिका कर्ज काढून युद्धं करते ना? मग जगानं तिला उधार देणं बंद केलं, तर युद्धं थांबतील का?”

प्रश्न अगदी रास्त आहे. एकदा तसं घडलेलंही आहे. ते कसं घडलं, आणि पुन्हा सहजासहजी का घडत नाही, हे आज मी मांडणार आहे.

२६ जुलै १९५६ रोजी इजिप्तच्या नासर यांनी सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरच्या अखेरीला आधी इस्रायलनं आणि पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सनं इजिप्तवर हल्ला केला. रणांगणावर ब्रिटन हरलं नाही, ते हरलं तिजोरीत. त्या काळी एका पौंडाला २.८० डॉलर असा ठरलेला भाव होता. लोक पौंड विकू लागले की बँक ऑफ इंग्लंडनं स्वतःजवळचे डॉलर देऊन ते विकत घ्यायचे, तरच भाव टिकणार. युद्ध सुरू होताच पौंड विकणाऱ्यांची रीघ लागली. एकट्या नोव्हेंबरात गंगाजळीतले सुमारे २८ कोटी डॉलर गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून उचल घ्यायची तर अमेरिकेची संमती हवी, आणि आयसेनहॉवर यांच्या सरकारची अट होती: आधी लढाई थांबवा, सैन्य मागं घ्या. ६ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली. डिसेंबरात सैन्य माघारी घेण्याचं कबूल केल्यावरच नाणेनिधीनं १३० कोटी डॉलरची सोय करून दिली.

म्हणजे पैशाची दोरी आवळून युद्ध थांबतं. पण दोरी कुणाच्या हातात होती? याच आयसेनहॉवर सरकारनं १९५३ मध्ये इराणचे मोसादेक आणि १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे आर्बेंझ यांची सरकारं उलथवण्यात हात घातला होता. शांततेचा कळवळा असलेला सावकार तो नव्हता.

दहाच वर्षांनी तीच दोरी आपल्या गळ्यात पडली. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण पीएल-४८० च्या गव्हावर जगत होतो. व्हिएतनामवरच्या बाँबफेकीवर भारतानं केलेली टीका अध्यक्ष जॉन्सन यांना खुपत होती. गव्हाची जहाजं त्यांनी थोडी थोडी, हात आखडून सोडली. जून १९६६ मध्ये, परकी मदत हवी तर हे करा अशा दबावाखाली, रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. रेशनचा लाल गहू रांगेत उभं राहून आणला, निवडला, दळला तो बायांनीच. १९५६ मध्ये युद्ध थांबवणारी दोरी १९६६ मध्ये युद्धाविरुद्ध बोलणाऱ्याचं तोंड दाबायला वापरली गेली.

मग खुद्द अमेरिकेला कुणी आवळलं का? प्रयत्न झाले. तेव्हा ३५ डॉलरला एक औंस सोनं द्यायला अमेरिका बांधलेली होती. १९६५ पासून फ्रान्सच्या द गॉल यांनी डॉलर देऊन सोनं मागायचा सपाटा लावला. पश्चिम जर्मनीनं मात्र १९६७ मध्ये, आम्ही सोनं मागणार नाही, असं लिहून दिलं, कारण तिच्या भूमीवर अमेरिकन सैन्य पहारा देत होतं. मार्च १९६८ मध्ये सोन्यासाठी इतकी झुंबड उडाली की लंडनचा बाजार बंद करावा लागला. त्याच सुमारास सेनापतींनी दोन लाखांहून अधिक जादा सैनिक मागितले होते. ते मिळाले नाहीत. ३१ मार्चला जॉन्सन यांनी बाँबफेक मर्यादित केली आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. यात सोन्याचा ताण होता, व्हिएतनामी जनतेचा लढा होता आणि अमेरिकेच्या रस्त्यांवर उतरलेली माणसंही होती. युद्ध तरी १९७५ पर्यंत चाललंच. मधेच, १५ ऑगस्ट १९७१ रोजी, निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद करून ती दोरीच कापून टाकली.

तेव्हापासून गणित उलटं झालं आहे. अमेरिकेचं कर्ज तिच्याच चलनात असतं आणि ते चलन ती स्वतः छापते. २००३ मध्ये इराकवरच्या हल्ल्याला चीननं विरोध केला, पण त्या वर्षांत अमेरिकेचे रोखे घेणं थांबवलं नाही. तोंडानं निषेध, हातानं उधारी! आपणही वेगळे नाही. २०२४ मध्ये भारताकडे २०० अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे अमेरिकी सरकारी रोखे होते. ते एकदम विकायला काढले तर भाव पडून आपलीच ठेव बुडते. शिवाय ही ठेव कर्जदाराच्याच घरात असते. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला करणाऱ्या रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी गोठवली. उद्या ते कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

मैत्रिणींनो, आर्थिक दबाव हा शब्द कागदावर अहिंसक दिसतो. १९९० नंतर इराकवर घातलेल्या निर्बंधांनी राजवट हलली नाही, घराघरातलं अन्न आणि औषध मात्र हललं. ते पाहून संयुक्त राष्ट्रांचे तिथले दोन प्रमुख अधिकारी, १९९८ मध्ये डेनिस हॅलिडे आणि २००० मध्ये हान्स फॉन स्पोनेक, राजीनामा देऊन बाहेर पडले.

म्हणून माझं म्हणणं असं. एक, सरकारांनी सावकारी दबाव आणून शांतता आणावी याची वाट पाहत आपण बसू नये. ते स्वतःच्या सोयीनं दोरी ओढतात आणि सोयीनं सोडतात. दोन, दबावाला आपला सरसकट विरोधही नसावा. शस्त्रखरेदी, लष्करी कर्ज, युद्धखोरांच्या ठेवी यांवर दबाव आलाच पाहिजे. धान्य, औषध आणि इंधन यांना हात लागता कामा नये. तीन, आपल्या गंगाजळीत निर्यातीच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलींचे आणि आखातात गेलेल्यांनी घरी पाठवलेले पैसे आहेत. ते कुणाला उधार दिले जातात, हे विचारायचा हक्क आपला आहे.

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांनी तेला-तुपाच्या भावाचा जाब सरकारला विचारला होता. बाँबच्या भावाचा जाब विचारणं हे त्याच्याच पुढचं काम आहे. आपापल्या गटांत या प्रश्नावर बैठका घ्या, एवढीच माझी विनंती.